भट्टी सोडल्याचा दिवस

बाबा, तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी परवा मोडली. दवाखान्याच्या खाटेवरून तुम्ही म्हणाला होतात, भट्टीचं कुणाला बोलू नको, वहीत सरळ लिही, काही घडलंच नाही असं. वीस वर्षं मी कुणाला बोलले नाही आणि वहीतही सरळच लिहिलेलं होतं. परवा दुपारी माझ्या विद्यार्थिनीसमोर ती जुनी वही उघडली, त्या पानावर लाल शाईने फुली मारली, खाली खरं काय घडलं ते लिहिलं आणि सही केली. यावर तुम्ही काय बोलला असता ते मला पाठ आहे, म्हणून आधीच सांगून टाकते, मला पश्चात्ताप झालेला नाही. आज रविवार आहे. शहापूरच्या घरात, खिडकीजवळच्या तुमच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. खुर्चीच्या पट्ट्या सैल झाल्यात, तुम्ही ती कधीच मोडीत काढली असती. आई मागच्या दारी वाल सोलत बसली आहे.

तुमचं काम काय होतं हे कुणी विचारलं की मी अजूनही जरा जास्तच वेळ सांगत बसते. विजेच्या खांबावर तारेखाली चिनी मातीच्या तपकिरी, जाड बशा असतात. वीज खांबात उतरू नये म्हणून. वाशिंदकडच्या त्या कारखान्यात भट्टीतून निघालेली प्रत्येक बशी तुमच्यासमोर यायची. लाकडी हातोडीने तुम्ही ती हलकेच ठोकायचात आणि मान तिरकी करून ऐकायचात. चांगली बशी बराच वेळ वाजत राहते. आत तडा असेल तर ठक् होते आणि गप्प बसते. गप्प बसली की लाल रंगाची फुली, आणि बशी भंगारात. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून आलेला, भट्टीत माल भरण्यापासून सुरुवात केलेला माणूस, आणि काय चालेल, काय चालणार नाही हे ठरवायला बसला. आपल्या वस्तीतला पहिला. ज्यांच्या दारात तुमच्या आजोबांना पाणी वरून ओतून मिळायचं, त्यांची मुलं तुमची फुली पडते की नाही याची वाट बघत उभी राहायची. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. पण हातोडी धरून बसण्याची तुमची ती पद्धत मी एकदा कारखान्याच्या दारातून पाहिली होती, आणि मला सगळं कळलं होतं.

तडा असलेली एक बशी तुमच्या तपासणीतून निसटली होती, ते मात्र आईने सांगितलं, तुम्ही नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एकाकडून अख्खी खेप निसटली, त्याला साहेब नजरचूक म्हणाले. तुमच्या एका बशीवर म्हणाले, ह्या लोकांना बसवलं की असंच होणार. त्यानंतर तुम्ही घरातही सगळं ठोकून बघू लागलात. कपबशी, तवा, कलिंगड, दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर त्यांचे पेलेसुद्धा. आई लाजेने मान खाली घालायची. माझ्या वह्यांना हातोडी लागली नाही, पण नजर तशीच लागली. नववीत माझ्या विज्ञानाच्या वहीत एका आकृतीखाली एक शब्द खोडलेला तुम्हाला दिसला, तेव्हा मला तुम्ही अख्खी वही पुन्हा लिहायला लावलीत. खाडाखोड दिसली की बघणारा तेवढंच बघतो, असं तुमचं म्हणणं. मी तीन दिवस लिहीत होते आणि रडत होते. नवी वही डागाशिवाय झाली, मास्तरांनी वर्गात फिरवली. त्यात मी काय शिकले म्हणाल तर, चूक झाली तर वही नवी करायची.

आणि तो माठ. मुरबाडच्या बाजारात तुम्ही एकेक माठ उचलून टिचक्या मारत होता, कुंभारीण वैतागून गेली होती. शेवटी सगळ्यात खणखणीत वाजणारा, पक्का भाजलेला माठ तुम्ही निवडलात आणि मांडीवर घेऊन जीपमधून घरी आणलात. त्यातलं पाणी महिनाभर कोमटच राहिलं. तुम्ही म्हणत होता, नवा आहे, थांबा जरा. आईने काही न बोलता पुढच्या बाजाराला दुसरा आणला, भुरकट, ओबडधोबड, बाहेरून सतत ओला होणारा. तुम्ही नाक मुरडलंत. त्यावर ती चुलीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "पाझरल्याबिगर पानी थंड कसं व्हयाचं?" त्यानंतर तहान लागली की तुमचा तांब्या त्या दुसऱ्या माठात जायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तुम्हाला चिडवलं नाही. मला तेव्हाच चिडवायला हवं होतं.

आता माझ्या कामाचं बोलू. तुम्ही विजेला अडवणारी माती भाजायचात, मी विजेला मुळीच न अडवणारी माती भाजते. हे वाक्य मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही जेवता जेवता थांबला होतात. तीन प्रकारच्या पुडी खलबत्त्यात घोटायच्या, दाबून वडी करायची, भट्टीत भाजायची. निघते ती काळी, ठिसूळ, दिसायला जळक्या बिस्किटासारखी. पण पुरेशी थंड केली की तिच्यातून वीज काहीही न गमावता वाहते. याला उच्च तापमानाचे अतिसंवाहक म्हणतात. म्हणजे किती तापमान, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, शून्याच्या खाली एकशे ऐंशी. तुम्ही आईकडे बघून म्हणालात, "आन् ह्याला हे लोक गरम बोलतात." आधीचे पदार्थ त्याहून कितीतरी जास्त थंड करावे लागायचे, त्यामानाने हे गरमच, असं मी समजावत राहिले, आणि तुम्ही दोघं हसत राहिलात. एवढे मोकळे हसलेले तुम्ही मला फार कमी वेळा आठवता.

मग तुम्ही तुमचा प्रश्न विचारलात. वडी बिनदोष झाली का नाही हे बघायला ठोकतेस का? मी हो म्हटलं, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. स्फटिक जेवढा स्वच्छ, अणू जेवढे रांगेत, तेवढी वीज जास्त वाहणार. काही बाबतीत हे खरंच आहे, आणि तेवढं तुमचं बरोबर होतं, ते मी काढून घेत नाही. दोन स्फटिककण एकमेकांना वाकडे चिकटले की त्यांच्या सांध्याशी वीज अडते. तडा तर कुणालाच नको. पण सगळे दोष तसे नसतात, बाबा. या वडीला चुंबकाजवळ नेलं की चुंबकत्व तिच्यात बारीक बारीक धाग्यांनी शिरतं. वीज सोडली की ती त्या धाग्यांना ढकलते. धागे हलले की संपलं, वीज वाया जायला लागते. म्हणून त्यांना धरून ठेवायला काहीतरी लागतं, गुरांना खुंटी लागते तसं. अगदी स्वच्छ स्फटिकात खुंटीच नसते. धागा जिथे स्फटिक बिघडलेला असेल तिथेच अडकून बसतो. कुठे अणू जागेवर नाही, कुठे वेगळ्याच पदार्थाचा कण मध्ये राहिलेला आहे. माझ्या वडीत हिरव्या रंगाचे कण राहतात. स्वतः ते वीज मुळीच तशी वाहून नेत नाहीत. तुमच्यासमोर आले असते तर पहिली फुली त्यांच्यावर. पण ते बारीक असतील आणि जवळजवळ असतील, तर काळ्या स्फटिकातली वीज त्यांच्या जिवावर टिकते. मोठे आणि विरळ झाले तर उपयोग कमी. हे मी काही शोधून काढलेलं नाही, जगाला आधीच ठाऊक होतं. मला तुमच्यामुळे उशिरा पटलं, एवढंच.

ते पटलं कसं, तेच मी लपवलं होतं. पीएचडीचं दुसरं वर्ष. प्रयोगशाळेत आमच्या सरांचा एकच कडक नियम, भट्टी चालू असताना माणूस तिच्यापाशी हवाच. त्या दिवशी वडी हजाराच्या वर तापवून, अर्धवट वितळलेल्या अवस्थेत दोन तास ठेवायची होती, आणि मग दोन दिवस अगदी सावकाश थंड करायची. सकाळी दहाला ऑफिसातल्या फोनवर आईचा निरोप आला की तुम्हाला धाप लागली, शहापूरच्या दवाखान्यात नेलंय. सर बाहेरगावी होते. दुसरं कोणी नव्हतं. मी भट्टीकडे पाहिलं, ती तिच्या हिशोबाने तापत होती, आणि मी निघाले. कुणाला विचारलं नाही, चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

दुपारी मी पोचले तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती. आई कोपऱ्यात थर्मास घेऊन बसली होती. तुम्ही मला पाहिलंत आणि कशी आहेस, कधी निघालीस, जेवलीस का, यातलं काहीच विचारलं नाहीत. विचारलंत ते हे:

"भट्टी चालू व्हती?"

मी मान हलवली. कोण बसलंय तिथे, असं तुम्ही विचारलंत, आणि मी म्हटलं, कोणी नाही. तुमचा चेहरा असा झाला, जणू मी तुमचीच बशी फोडली. आजी गेली तेव्हासुद्धा तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून मग गावी गेला होतात, हे मला लहानपणापासून ऐकवलेलं होतं, आणि तेव्हा तुम्ही ते परत ऐकवलंत, मध्ये मध्ये श्वास घेत. मी एवढंच म्हटलं की मला तुम्हाला बघायचं होतं. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"दुसऱ्याची चूक ती चूक असते गो. आपली झाली का ती आपल्या जातीची व्हते. कुनाला बोलू नको. वहीत सरळ लिव. आन् आता जा परत."

मी परत गेले. भट्टीचा आकडा हजार गाठण्याआधीच चारशेवर उतरलेला होता. शिपायाने सांगितलं, दुपारी सव्वा तास लाईट नव्हती, नुकतीच आली. सर तिसऱ्या दिवशी रात्री येऊन वडी बाहेर काढणार होते, म्हणजे दोन तास वितळवून ठेवायला वेळच उरला नव्हता. मी पुन्हा तापवली, जेमतेम पंधरा मिनिटं ठेवली आणि थंड करायला लावली. वहीत मात्र सकाळपासूनची एक अखंड नोंद लिहिली, दोन तास, मध्ये काही खंड नाही. अक्षर फार सुंदर आलं होतं. तुम्ही त्याच आठवड्यात गेलात. तेरा दिवसांनी मी प्रयोगशाळेत आले, तर सर मला शोधतच होते. आतापर्यंतच्या सगळ्या वड्यांपेक्षा ही चुंबकाजवळ कितीतरी जास्त वीज टिकवत होती. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे कण बारीक, दाट. दोन तास मिळाले असते तर ते एकमेकांत मिसळून मोठे झाले असते, हे आता मी झोपेतही सांगेन. सर म्हणाले, हाताला गुण आहे तुझ्या. मी गप्प बसले. तुमचा शब्द होता, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला बरंही वाटलं होतं.

त्या गप्प बसण्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच कुणीतरी दिली. ही माझी विद्यार्थिनी मुरबाडकडची, डोंगराखालच्या गावातली. घरची भातशेती, घरात पहिलीच एवढं शिकलेली. तिने माझ्याच वडीवरून पुढचं काम करायचं ठरवलं, म्हणून आधी तशी वडी बनवायला घेतली. माझ्या वहीबरहुकूम. अडीच वर्षं. दोन तास म्हणजे दोन तास, मिनिटभर इकडे तिकडे नाही, आणि भट्टीपाशी डोळ्यात तेल घालून बसलेली. तिच्या वड्या तुम्ही ठोकून पाहिल्या असत्यात तर एकीवरही फुली मारली नसती. पण वीज टिकत नव्हती. मी तिला पुडींचं वजन तपासायला सांगितलं, खलबत्ता बदलायला सांगितला, एकदा तर, लाज वाटते सांगायला, लक्ष कुठे असतं म्हणून रागावलेसुद्धा. वीज गेलेली ती दुपार मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती, पण त्या पंधरा मिनिटांनी एवढा फरक पडला असेल हे मी मनाला पटूच देत नव्हते. ते पटलं असतं तर बोलावं लागलं असतं.

परवा ती माझ्या खोलीत आली आणि बसली नाही. एरवी माझ्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलणारी मुलगी घरच्या बोलीत म्हणाली, "मॅडम, माज्या हातातच खोट हाय. मी सोमवारी लेटर देते." लेटर म्हणजे काम सोडल्याचं. कागद लिहून पिशवीत आणलेला होता.

बाबा, तुमची हातोडी माझ्या टेबलावर असते. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा घरी आणलेली, आणि मी एमएस्सी झाले तेव्हा माझ्या हातात देऊन म्हणाला होतात की आता तू तपास. माझी नजर तिच्यावर गेली, आणि मला तुमचा एवढा राग आला की मी उठून उभी राहिले. एका चांगल्या पोरीवर मी अडीच वर्षं फुली मारत होते. तुमच्या साहेबाने तुमच्यावर मारली तशीच. आणि तीही त्या साहेबाला घाबरून, जो कधीच मेला असेल. मी कपाटातून वही काढली आणि तिला सगळं सांगितलं. फोन, दवाखाना, सव्वा तास, पंधरा मिनिटं, आणि तुम्ही काय म्हणालात तेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती चिडेल, तिला तेवढा हक्क होता. थोड्या वेळाने चिडलीही, अडीच वर्षं गेली माझी, म्हणाली, आणि मी खाली बघून ऐकलं. पण त्याच्या आधी तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "बाप दवाखान्यात म्हनल्यावर कोन बसल भट्टीपाशी? ह्यात तुमचं चुकलं काय?"

त्याच दिवशी मी विभागप्रमुखांना लिहून दिलं, आणि आमचा निबंध ज्या नियतकालिकात छापला होता तिथेही दुरुस्ती पाठवली. सर आता थकलेत, त्यांना घरी फोन केला. ते एवढंच म्हणाले, तेव्हाच सांगायचं होतंस. आता कोणीतरी, कुठेतरी, चहा पिताना तुमच्या साहेबाचं ते वाक्य म्हणेल. म्हणू दे. मी तुमच्यासारखी त्या वाक्याला घाबरून आयुष्यभर कान लावून बसणार नाही. तुम्हाला तसं बसावं लागलं, त्यात तुमचा दोष नव्हता, हेही मला माहीत आहे. पण तुम्ही मला बिनडागाची वही दिलीत तेव्हा वही आणि खरेपणा यातला फरक सांगायचा राहून गेला. बशीवर तुम्ही फुली उघड मारायचात, सगळ्यांच्या देखत. स्वतःच्या चुकीवर ती मारली असती तर तुमच्या हाताला कमीपणा आला नसता. निदान माझ्या नजरेत तरी नाही.

काल सकाळी तिने भट्टी लावली. या वेळी पंधरा मिनिटं. आज ती तिथे बसली आहे, वडी सावकाश थंड होते आहे. निघेल ती चांगली निघेल की नाही, मला माहीत नाही. सव्वा तास थंड होऊन परत तापण्याचाही काही परिणाम असेल, एका खेपेत सगळं उलगडत नाही. लेटरचा कागद अजून तिच्या पिशवीत आहे आणि मी तो मागितलेला नाही. फक्त एक नवा नियम मी भट्टीच्या दारावर चिकटवला. घरून फोन आला तर निघायचं. मला कळवायचं, मी येऊन बसेन. तो वाचून ती हसली आणि परत भट्टीच्या आकड्याकडे बघायला लागली.

वाल सोलून झाले, आई हाक मारते आहे. तिने मघाशी विचारलं, कुणाला लिहितेस एवढं. मी म्हटलं, असंच. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून त्या वहीत ठेवणार आहे, लाल फुलीच्या पानाशी. एक गोष्ट मात्र मी परवा तिलाही सांगितली नाही, विभागप्रमुखांनाही नाही. दवाखान्यातून तुम्ही मला परत पाठवलंत, त्यानंतर दोन दिवस मी भट्टीपाशीच होते. नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून कोणीतरी फोन आलाय म्हणून बोलवायला आलं, तर मी म्हटलं, जागा सोडता येणार नाही, निरोप घेऊन ठेवा. निरोप तुम्ही गेल्याचा होता, आणि तो मी भट्टी थंड झाल्यावरच घेतला. आई सांगते, शेवटपर्यंत तुम्ही विचारत होता, पोचली का ती. भट्टी सोडून आले, त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही, बाबा. तुम्ही जा म्हणालात आणि मी गेले, त्याचं वाटतं.